जन्म केशगढचा

अमृत छकलेल्या, म्हणजे खालशाची दीक्षा घेतलेल्या, शिखाची गावं दोन. एक कागदोपत्री असतं. दुसरं त्याला अमृत देताना दीक्षा देणारे पाच जण, म्हणजे पंज प्यारे, सांगतात: आजपासून तुझे वडील गुरू गोबिंदसिंग, आई माता साहिब कौर, जन्म केशगढ साहिबचा आणि राहणं आनंदपूर साहिबचं. मग तो लुधियान्याचा असो, लंडनचा असो की नांदेडचा, जन्मगाव तेच. आधीचं कूळ, जात, बापजाद्यांचा धंदा, सगळं त्या घडीला मागे पडतं. इतकी माणसं ज्याला आपलं जन्मगाव म्हणतात, आणि त्यांतल्या कित्येकांनी ते डोळ्यांनी पाहिलेलंही नसतं, ते गाव मला बघायचं होतं.

योग जुळून आला तो नांदेडच्या एका दखनी शीख कुटुंबामुळे. महाराजा रणजितसिंगांच्या काळात निजामाच्या मदतीला लाहोरहून फौज आली होती. तिच्यातल्या शिपायांचे हे वंशज. घरात मराठी, हिंदी आणि पंजाबी एकाच वाक्यात नांदतात. आमचा घरोबा जुना. त्यांच्या धाकट्या मुलीनं अमृत घ्यायचं ठरवलं. नांदेडलाही तख्त, म्हणजे शिखांचं धर्मपीठ, आहे, तिथेही अमृतसंचार होतो. पण ती म्हणाली, "मावशी, मला मूळ जागी जाऊनच घ्यायचंय." तिची आई सोबत निघाली आणि त्या दोघींबरोबर मीही.

नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या सचखंड एक्स्प्रेसबद्दल मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. वाटेतल्या स्टेशनांवर सेवादार बादल्या घेऊन उभे असतात आणि डब्यात जो कोणी बसला असेल त्याला जेवण वाढतात. पैसे घेत नाहीत, तुम्ही कोण कुठले हेही विचारत नाहीत. नेहमीचे प्रवासी घरून ताटली घेऊनच गाडीत चढतात. आम्ही अंबाल्याला उतरलो आणि तिथून रोपडमार्गे पुढे गेलो. रोपड मागे पडल्यावर सपाट शेतं संपत येतात, उजवीकडे शिवालिकच्या मातकट टेकड्या सुरू होतात आणि डावीकडे सतलज आहे हे हवेवरून कळतं. त्या टेकड्यांच्या पायथ्याशी आनंदपूर.

ही जमीन नवव्या गुरूंनी, तेगबहादूर यांनी, १६६५ साली कहलूरच्या राजघराण्याकडून विकत घेतली आणि आपल्या आईच्या नावानं वस्तीचं नाव ठेवलं चक्क नानकी. पुढे गावाला आनंदपूर म्हणू लागले. इथेच १६७५ साली काश्मिरी पंडित आपलं गाऱ्हाणं घेऊन आले. औरंगजेबाच्या सुभेदाराकडून धर्मांतराची जबरदस्ती होत होती. गुरू दिल्लीला निघाले, पकडले गेले आणि त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला चांदणी चौकात त्यांचा शिरच्छेद झाला. स्वतः जानवं न घालणाऱ्या माणसानं दुसऱ्याच्या जानव्यासाठी मान दिली. धड दिल्लीतच एका भक्तानं आपल्या घराला आग लावून त्यात दहन केलं. शिर मात्र भाई जैता नावाच्या तरुणानं लपवून इथवर आणलं. जैता रंगरेटा होता, म्हणजे सफाईचं काम करणाऱ्या, शिवाशिवीमुळे बाहेर ठेवलेल्या जातीचा. नऊ वर्षांच्या गोबिंदरायांनी त्याला छातीशी धरलं. त्या शिरावर जिथे अंत्यसंस्कार झाले तिथे आज गुरुद्वारा सीसगंज उभा आहे.

आनंदपूरला गेल्यावर आधी सीसगंज आणि मग केशगढ असंच जावं, असं माझं मत झालं आहे. कारण १६९९ च्या वैशाखीला इथे जे घडलं, त्याची पहिली बाजू सीसगंजला आहे. त्या दिवशी भरल्या सभेत गुरू गोबिंदराय तलवार उपसून उभे राहिले आणि त्यांनी एक शीर मागितलं. ही गोष्ट आपण पाठ्यपुस्तकातून इतकी वाचलेली असते की तिच्यातली धग जाणवत नाही. पण मागणारा कोण होता ते पाहा. याच गावात, चोवीस वर्षांपूर्वी, वडिलांचं तुटलेलं मस्तक त्यानं हातात घेतलं होतं. शीर देणं म्हणजे काय हे त्या सभेत त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

पहिला उठला लाहोरचा दयाराम, खत्री. मग हस्तिनापूरचा धरमदास, जाट. मग जगन्नाथपुरीचा हिंमतराय, पाणी भरणारा. द्वारकेचा मोहकमचंद, कापडावर छपाई करणारा छिंबा. आणि आमच्या शेजारच्या बिदरचा साहिबचंद, न्हावी. लाहोर, हस्तिनापूर, पुरी, द्वारका, बिदर: नकाशावर बोट फिरवून बघा, देशाच्या कुठल्या कुठल्या टोकांची माणसं त्या मैदानात होती. छिंबा समाजाचं आपल्याशी वेगळंच नातं आहे. पंजाबातले छिंबे नामदेवांना आपले मानतात, आणि नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत.

या पाचांना गुरूंनी एका लोखंडी बाट्यातून अमृत पाजलं. बाट्यात पाणी, त्यात गुरुपत्नीनं टाकलेले पतासे, दुधारी खंड्यानं ढवळत म्हटलेली बाणी. पाचही जण सिंग झाले. त्यानंतर जे घडलं ते माझ्या दृष्टीनं जगाच्या धर्मेतिहासातल्या सर्वांत मोठ्या घटनांपैकी एक आहे. गुरू त्या पाचांपुढे गुडघा टेकून बसले, हात पुढे केले आणि म्हणाले, आता मला द्या. न्हावी, पाणक्या आणि छिंबा ज्यांत होते त्या पंचांनी गुरूला दीक्षा दिली, आणि गोबिंदराय गोबिंदसिंग झाले. त्याआधी शिखांत चरण-पाहुल होती, गुरूच्या चरणस्पर्शाचं पाणी. ती त्या दिवशी थांबली. दीक्षेचा अधिकार एका माणसाच्या पायांपासून निघाला आणि पाच जणांच्या हातांत गेला, कायमचा. आजही अमृत कुणी संत, महंत किंवा बाबा एकट्यानं देऊ शकत नाही. रहित, म्हणजे शिखांची आचारसंहिता, पाळणारे पाच जण लागतात, आणि गुरू ग्रंथ साहिबाचा प्रकाश, म्हणजे समोर उघडलेला ग्रंथ, लागतो.

हे सगळं जिथे घडलं ते केशगढ साहिब उंचवट्यावर आहे. पांढरी इमारत दुरून दिसते. खाली जोडाघरात चपला ठेवल्या, पाय धुतले आणि पायऱ्या चढून वर गेलो. आत गुरूंची शस्त्रं ठेवलेली आहेत आणि त्यांत तो खंडाही आहे. सेवादार एकेक शस्त्राची ओळख करून देत होते. त्या खंड्यापाशी आमची मुलगी हात जोडून बराच वेळ उभी राहिली. मी तिला हाक मारली नाही.

अमृतसंचाराच्या जागी बाहेरच्यांना प्रवेश नसतो. जे अमृत घेणार तेवढेच आत जातात. सगळ्यांनी केसांवरून अंघोळ केलेली असावी, अंगावर पाचही ककार असावेत: केश, कंगा, कडं, कछैरा आणि गात्र्यात, म्हणजे खांद्यावरच्या पट्ट्यात, कृपाण. आधी पेशी होते. पंज प्यारे प्रत्येकाला विचारतात, हे स्वखुशीनं घेतो आहेस ना, पाळशील ना. त्या दिवशी आत गेलेल्यांत पिकल्या दाढीचा एक शेतकरी होता, एक नवराबायको जोडीनं आलेली होती, दोघं-तिघं कॉलेजातली पोरं होती. जात विचारली जात नाही आणि सांगायचीही नसते. दार लागलं. मी आणि मुलीची आई बाहेर परिक्रमेत बसलो.

आत काय होतं ते तिच्या आईनं मला तिथेच बसून सांगितलं. तिनं स्वतः नांदेडला लग्नानंतर अमृत घेतलेलं. पाच जण बाट्याभोवती वीरासनात बसतात, उजवा गुडघा जमिनीवर, डावा उभा. पाच बाण्या म्हटल्या जातात: जपुजी, जाप, सवैये, चौपई, आनंद साहिब. एक जण म्हणत असतो आणि खंडा फिरवत असतो, बाकीचे बाट्याला हात लावून अमृताकडे डोळे लावून बसलेले. मग प्रत्येकाच्या ओंजळीत पाच वेळा अमृत, डोळ्यांवर पाच वेळा शिडकावा, केसांत पाच वेळा. दर खेपेला फतेहचा घोष. उरलेलं अमृत सगळ्यांनी त्याच बाट्याला तोंड लावून संपवायचं. इथे ती थांबली आणि म्हणाली, "तेच अवघड असतं बघा. कुणाच्या मागून आपली पाळी येईल, काही सांगता येत नाही. पण एकदा प्यायलं ना, की मनातलं ते जे काही असतं ते जातंच."

मनातलं ते जे काही असतं. पाणवठे वेगळे, पेले वेगळे, ओंजळीत वरून पाणी ओतणं हे सगळं ज्या देशात शतकानुशतकं चाललं, तिथे एकाच भांड्याचं उष्टं पिणं हीच दीक्षा ठरवली गेली. तो बाटा डोळ्यांसमोर आला की मला खालसा पंथाची सगळी ताकद तिथून आलेली वाटते, शस्त्रांतून नंतर.

परिक्रमेत एक वयस्कर ग्रंथी येऊन बसले होते. मुलीच्या आईनं माझी ओळख करून दिली, महाराष्ट्रातून आल्या आहेत, लिहितात. मी त्यांना सरळच विचारलं: बाबाजी, अमृत घेतलं की मुक्ती मिळते का? ते म्हणाले, "बेटा, हा शाळेतला दाखला आहे. पास होणं अजून पुढे आहे. पण दाखला घेतल्याशिवाय वर्गात कसं बसणार?" मग त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते.

माणसाला बांधून ठेवतो तो त्याचा हौमै, मी-मी म्हणणारा आतला अहं. मेल्यावर कुठे जायचं हा शिखांच्या मुक्तीतला मुख्य प्रश्नच नाही. जगता जगता तो अहं सुटला की माणूस जीवनमुक्त. त्यासाठी घर सोडायचं नाही, जंगलात जायचं नाही, अंगाला राख फासायची नाही. कष्ट करून खायचं, वाटून खायचं, नाम घ्यायचं, संगतीत बसायचं. आणि एवढं करूनही शेवटचा हात कृपेचा, तिला ते नदर म्हणतात. आपल्या जोरावर मुक्ती मिळवली असं म्हणणारा पुन्हा हौमैच्याच कचाट्यात सापडलेला असतो.

जपुजीच्या शेवटी गुरू नानकांनी या वाटेचे पाच खंड सांगितले आहेत. धरमखंड म्हणजे ही पृथ्वी, कर्तव्याची जागा. ज्ञानखंडात सृष्टीचा अफाट पसारा दिसतो आणि आपण केवढे लहान ते कळतं. सरमखंडात मन घडवलं जातं. चौथा करमखंड कृपेचा, आणि पाचवा सचखंड, जिथे निरंकार स्वतः वसतो. यातल्या चौथ्या खंडाकडे ग्रंथींनी माझं लक्ष वेधलं. तिथे कोण राहतात म्हणून नानक सांगतात? महाबली योद्धे, शूर, ज्यांच्या ठायी राम भरून राहिलेला आहे. नानक संत होते आणि गोबिंदसिंगांनी पंथाला शिपाई केलं, असं आपण सहज बोलून जातो. पण खालसा जन्मण्याच्या कितीतरी आधी नानकांनी कृपेच्या प्रदेशात शूरांना जागा देऊन ठेवली होती. ज्याचा अहं गळाला त्याला मरणाचं भय उरत नाही, आणि ज्याला भय नाही तो अन्यायापुढे वाकत नाही. १६९९ साली शीर मागितलं गेलं ते याच अर्थानं. आधी शीर द्यायचं, मग उरलेलं आयुष्य मोकळं जगायचं.

एक गोष्ट ऐकून मला घरी आल्यासारखं वाटलं. पाचवे गुरू अर्जनदेव यांनी म्हटलं आहे की मला राज्य नको आणि मुक्तीही नको, तुझ्या चरणांचं प्रेम हवं. आपल्या तुकोबांनीही मोक्ष बाजूला सारून संतसंग आणि पुन्हा गर्भवासच मागितला होता. मी ग्रंथींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडले. नामदेवांच्या मुलखातली माणसं म्हणून आम्हाला तिथे मान मिळाला, तो आमचा नव्हता, नामदेवांचा होता.

दार उघडलं तेव्हा दुपार झाली होती. मुलीच्या केसांतून पाणी ओघळत होतं, दुपट्टा ओला झाला होता. तिनं आधी आईला आणि मग मला फतेह दिली. आत तिला रहित सांगितली गेली होती. पहाटे अमृतवेळेला उठून नितनेम, संध्याकाळी रहिरास, झोपताना सोहिला. चार बज्जर कुरहिती, म्हणजे घोर अपराध, कधीही करायच्या नाहीत: केस कापणं, कुठ्ठा म्हणजे मुस्लिम पद्धतीनं कापलेलं मांस खाणं, परपुरुष किंवा परस्त्रीशी संबंध, आणि तंबाखू. यातलं काही मोडलं तर पुन्हा पंज प्याऱ्यांपुढे उभं राहून कबूल करायचं, ते सांगतील ती तनखाह भोगायची आणि पुन्हा अमृत घ्यायचं. तनखाह म्हणजे बहुधा सेवा: संगतीच्या चपला पुसणं, लंगरची भांडी घासणं. परतीची वाट उघडी ठेवणारा हा नियम मला फार माणुसकीचा वाटतो. आपल्याकडे वारकरी गळ्यात तुळशीची माळ घालतो आणि मग मांस-मद्य सोडून एकादशी आणि वारी धरतो. ती माळही प्रपंचातल्या माणसासाठीच आहे. पण माळ घालताना जात विचारली नाही तरी गावात जात टिकून राहिली. इथे काय झालं?

हा प्रश्न टाळून आनंदपूरबद्दल लिहिणं मला जमणार नाही. पंजाबातल्या अनेक गावांत आजही दलितांचे गुरुद्वारे वेगळे आहेत, स्मशानं वेगळी आहेत. अमृत घेतल्यावर जे मागे पडायचं ते गावात परतल्यावर वेशीवरच वाट बघत उभं असतं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला तर हे अमृतसरच्या हरमंदिर साहिबातही, म्हणजे सुवर्णमंदिरातही, होतं. १२ ऑक्टोबर १९२० रोजी जालियनवाला बागेत खालसा बिरादरीच्या दिवाणात, म्हणजे सभेत, तथाकथित खालच्या जातींतल्या लोकांना अमृत दिलं गेलं आणि ते कडाह प्रसाद घेऊन हरमंदिर साहिबात गेले. पुजाऱ्यांनी त्यांचा प्रसाद स्वीकारायला नकार दिला. शेवटी गुरू ग्रंथ साहिबातूनच हुकूम घ्यायचं ठरलं, आणि जो शबद निघाला तो प्रसाद आणणाऱ्यांच्या बाजूनं होता. पुजाऱ्यांना नमावं लागलं. तिथून मंडळी अकाल तख्ताकडे वळली तेव्हा तिथले पुजारी जागा सोडून निघून गेले होते. महिनाभरानं, १५ नोव्हेंबरला, शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटी उभी राहिली. गुरुद्वारे महंतांच्या हातून सोडवण्याची मोठी चळवळ अशी बाट्याच्या हक्कातून पेटली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३६ च्या एप्रिलमध्ये अमृतसरच्या शीख परिषदेला आले होते. धर्मांतराच्या येवल्याच्या घोषणेला तेव्हा काही महिनेच झाले होते आणि शीख धर्माचा पर्याय त्यांनी गांभीर्यानं तपासला होता. पुढे त्यांची वाट बुद्धाकडे गेली. त्या बाट्याची कसोटी गावोगावी उतरली असती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून तिथे जात नव्हता.

आणखी एक खंत बोलून टाकते. शीख रहित मर्यादा, जी शिरोमणी कमिटीनं १९४५ साली मान्य केली, ती अमृत देणाऱ्या पाचांत स्त्रियाही असू शकतात असं स्पष्ट सांगते. मी ज्या ज्या तख्तांवर गेले तिथे मला पाचही पुरुषच दिसले. आमच्या मुलीलाही पाच पुरुषांनीच अमृत दिलं. तिनं ते मनापासून घेतलं आणि तिची त्याबद्दल तक्रार नाही, पण माझी आहे. जी गोष्ट लिहून ठेवली आहे ती करायला इतका उशीर का?

दुसऱ्या दिवशी विरासत-ए-खालसा बघितलं. मोशे सफदी यांनी आखलेली ही प्रचंड वास्तू २०११ साली खुली झाली. खालशाला तीनशे वर्षं झाली त्या निमित्तानं तिची कल्पना निघाली होती. आत पंजाबचा इतिहास चित्रांतून, प्रकाशातून फार सुंदर मांडला आहे, लहान मुलांना घेऊन जरूर जावं. मला मात्र आनंदगढच्या किल्ल्यातली बावडी जास्त आवडली. पायऱ्यांनी थेट खोल पाण्यापर्यंत जाता येतं. महिनोन्‌महिने औरंगजेबाच्या फौजेचा वेढा पडलेला असताना आतली माणसं कशाच्या आधारानं राहिली ते तिथे उतरल्यावर समजतं.

त्या वेढ्यातून बाहेर पडल्यावर सिरसा नदीच्या पुरात गुरूंच्या कुटुंबाची ताटातूट झाली, आणि चमकौरच्या गढीत हिंमतसिंग, मोहकमसिंग आणि बिदरचे साहिबसिंग लढता लढता पडले. दयासिंग आणि धरमसिंग वाचले. गुरूंनी औरंगजेबाला लिहिलेलं फारसी पत्र, जफरनामा, घेऊन हे दोघं दख्खनला आले. बादशहाचा मुक्काम तेव्हा अहमदनगरला होता. पुढे गुरूंबरोबर ते नांदेडला पोचले. १७०८ साली तिथेच गुरूंनी माधोदास बैराग्याला आपला बंदा केलं, तिथेच गुरू ग्रंथ साहिबाला गुरुपद दिलं आणि तिथेच देह ठेवला.

नांदेडच्या हजूर साहिबला जाणारे आपल्याकडचे लोक पुष्कळ आहेत. दर्शन घेतात, लंगरमध्ये जेवतात आणि परत फिरतात. माझी त्यांना विनंती आहे की पुढच्या खेपेला थोडा वेळ काढा आणि भाई दयासिंग व भाई धरमसिंग यांचा अंगिठा, म्हणजे दहनाची जागा, कुठे आहे ते तिथे विचारा. केशगढला त्या बाट्यातून पहिल्यांदा अमृत प्यायलेल्या पाचांपैकी दोघांचं दहन नांदेडमध्ये झालं आहे.